नमुना सही

भुसावळला मे महिन्यात दुपारी दार वाजवतो
तो एक तर टँकरवाला, नाही तर गरजू.
गुलशेर तडवी, यावलहून, डोक्याला ओला रुमाल.
पिशवीत पिशवी, तिच्यात डायरी, डायरीत
रेल्वेच्या रिफ्रेशमेंट रूमचं बिल:
आम्लेट दोन, टोस्ट, चहा तीन,
आणि त्यावर आडवी, निळी, ऐसपैस
रॉनी वेल्बीची सही.

"बाप वेटर व्हता ना माहा. मेलचं इंजिन बिघडलं,
चार घंटे गाडी उभी. केसं खांद्यापोहत,
खुर्चीवर गिटार बसवलेली, सोता उभा.
बापाले वाटलं, सही ठोकून फुकट खातो का काय."

पुण्याचा कोणी शौकीन चाळीस हजार देतो म्हणे,
खरी असेल तर.
"तुमी बँकेत तीस वर्सं हेच केलं ना, म्याडम?"

हेच केलं. सहकारी बँक, पंख्याखालचं टेबल,
डाव्या हाताला नमुना कार्ड, उजव्या हाताला चेक.
जुळते. जुळत नाही.
मेलेल्या काकांच्या सह्या करणारे पुतणे
मी चेहऱ्यावरून नाही, वेलांटीवरून धरले.
चोर सावकाश लिहितो.
चोराचं अक्षर मालकापेक्षा सुबक असतं.
आणि दोन सह्या तंतोतंत सारख्या आल्या
तर एक तरी काचेवर ठेवून गिरवलेली.

कूलर बंद केला, कागद उडतो म्हणून.
भिंग पुसलं पदराने.
मोबाईलवर पुण्याचे तीन नमुने,
तिन्ही एकमेकांशी भांडणारे. चांगली खूण.
शाई आम्लेटच्या आकड्यावरून गेलेली,
म्हणजे खाणं आधी, नाव नंतर.
पेन कुठे थबकलं नाही.
मागून बोट फिरवलं तर दाब अजून लागतो.
खरी, असं म्हणायला मी तोंड उघडलंच होतं.

पण शेवटच्या अक्षराची शेपटी.
खाली उतरते, डावीकडे वळते, अख्ख्या नावाखालून धावते
आणि टोकाशी आकडा टाकते,
विहिरीत पडलेली बादली काढायच्या गळासारखा.
दोन नमुन्यांत ती सरळ खाली जाते.
तिसऱ्यात वळली असावी, फोटो पुसट आहे.
हा गळ मी पाहिलाय.

मेहताब तडवी, बचत खातं.
आधी अंगठाच होता. एक दिवस म्हणाले,
कार्ड बदला, आता सही करतो.
मराठी सही, आणि तडवीची वेलांटी
वरून खाली, नावाखालून मागे, टोकाला गळ.
मी हसले होते, ही काय तऱ्हा?
"ऐशीच ऱ्हाऊ द्या."

मग कोणी कोणाची उचलली?
बिल समोर ठेवून त्या माणसाने रात्री गिरवलं,
की हात बसल्यावर एखाद्या रात्री
जुन्या कोऱ्या बिलावर हे नाव लिहून पाहिलं?
बिलाला तारीख असते, शाईला नसते.
कार्ड असतं तर सांगितलं असतं.
बँक अवसायनात निघाली,
पुढचे नमुने गोदामात वाळवीने तपासले.

वडील त्याची गाणी ऐकायचे का? मी विचारलं.
"कव्हाच नाही." गुलशेरने दुसरा तांब्या संपवला.
"पण तो मेला असं कोनी सांगितलं, त्या दिशी
ड्युटीले गेले नाही."

कागद घेतला. लिहिलं:
सही एका ओघात केलेली आहे. हात थांबलेला नाही.
याच्या पुढचा शब्द त्याला हवा होता,
मी पूर्णविराम दिला.

"खाली तुमची सही पाहिजे, म्याडम. पुन्यावाला मांगतो."

केली. कुमुदिनी सरळ गेली,
झोपे लिहिताना झ वर पेन अडलं, मग कंप.
काउंटरवर असते
तर ही मी परत पाठवली असती.